पुढलीचं उत्तर

फॉर्मवर एक माणूस छापलेला होता. पाठमोरा, नागडा, बाई की बाप्या ते कळू नये असा. त्याच्या अंगाचे नऊ भाग पाडलेले होते. एकेका भागावर बोट ठेवून मी विचारायचं: गेल्या बारा महिन्यांत इथे दुखलं का? दुखण्यामुळे नेहमीचं काम थांबलं का? गेल्या सात दिवसांत दुखलं का?

हे मी चार हंगाम विचारलं, हंगामात चारदा. दिंडोरीच्या बाजूच्या द्राक्षबागांत, मांडवाखाली पालथ्या क्रेटवर बसून, टॅबलेट मांडीवर घेऊन. नाशिकच्या कामगार आरोग्य केंद्राच्या कागदावर माझं पद होतं 'प्रश्नवाचक'. बारावी पास आणि पाड्यावरची बोली येते, एवढ्यावर लागलेली नोकरी.

"त्याला आधी कपडे घाल गं रंजे," मथाबाई म्हणायची. "थंडीनं दुखत असंल त्याचं."

बाया हसायच्या. कात्र्या थांबायच्या नाहीत.

आमची टोळी बावीस बायांची. सगळ्या पेठ तालुक्यातल्या आमच्याच पाड्याच्या. काम विरळणीचं. घडात मणी दाटीनं येतात, त्यातले निम्मे कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात आणि परदेशातल्या ताटात शोभतात. मांडवावरचे थोडे घड छातीशी येतात, बाकी सगळे डोक्याच्या वर. म्हणजे हातही डोक्याच्या वर. आठ तास. घरी बसून दोन्ही हात वर करून दहा मिनिटं धरा, मग पुढचं वाचा.

एका ओळीला दोघी, ओळीच्या दोन अंगांनी. सगळ्यात पहिल्या ओळीत जी असते ती पुढली. तिच्या हाताच्या वेगानं टोळी चालते. पुढलीच्या आधी कुणी बसत नाही, पुढलीच्या आधी पाणी मागत नाही. बाहेरचा कुणी काही विचारायला आला तर उत्तर पुढली देते, बाकीच्या म्हणतात, "पुढलीवानी." आणि पुढली दुखत नाही म्हणाली तर आपलं दुखतं म्हणायचं नाही. तिच्याहून जास्त दमले म्हणणं म्हणजे तिच्याहून जास्त काम केलं म्हणणं. तेवढा माज कुणी करत नाही.

पुढली होती माझी वहिनी, भागीरथी. दादा सुरतेला कामाला, मी नवरा सोडून आलेली. चूल वहिनीच्या कात्रीवर आणि माझ्या टॅबलेटवर चालायची.

"वहिनी, मान?"

"नाही."

"खांदे?"

"नाही. पुढं चल, ऊन चढतंय."

मग एकवीस वेळा 'पुढलीवानी'. दुसऱ्या हंगामापासून मी बाकीच्यांना विचारणंच सोडलं. वहिनीचा फॉर्म भरायचा आणि तोच एकवीस नावांवर उतरवायचा. पाव तासात टोळी पुरी. केंद्रातून मला शाबासकी आली: तालुक्यातली सर्वांत जलद प्रश्नवाचक. प्रमाणपत्रही दिलं.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वहिनी डाव्या कुशीवरच झोपायची, उजवी तिला चालत नसे. बाया पाड्यावर परतल्या की एकमेकींच्या खांद्यांना करंजीचं तेल चोळायच्या. मी स्वतः चोळलंय. आणि सकाळी बागेत जाऊन 'नाही'वर खूण केलीय. मी लागले आणि दंडावर बांधायचा पट्टा आला, त्याच्या आदल्या वर्षी ज्या चार बाया 'हो' म्हणाल्या होत्या, त्यांना 'हलकं काम' दिलं. पॅकिंग शेडमध्ये झाडायचं, आठ दिवस. मग घरी. त्यानंतर आमच्या पाड्यात कुणाचं काही दुखलं नाही.

आता पट्ट्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

पट्टा दंडावर चढवायचा, त्याची एक पात खांद्यावर चिकटते. स्नायू काम करतो तेव्हा त्यातून बारीक वीज वाहते, ती हा पट्टा ऐकतो. ताज्या स्नायूचा आवाज बारीक आणि जलद असतो. दमला की तो जाड आणि संथ होत जातो, आणि तेवढंच ओझं पेलायला जास्त जोर लावतो. हे खरं शास्त्र आहे, त्यात लबाडी नाही. पट्ट्याला तुमचा थकवा तुमच्या आधी कळतो.

पण थकवा म्हणजे दुखणं नव्हे. दुखणं विजेत सापडत नाही. ते माणसाला विचारावं लागतं, जगात दुसरा उपाय नाही. म्हणून शहाण्या लोकांनी काय केलं, तर चाळीस हजार कामकरी बायांचे पट्टे आणि त्यांच्या प्रश्नावल्या शेजारी शेजारी ठेवून एका यंत्राला दाखवल्या. इतका थकवा असताना बाई 'हो' म्हणाली, इतका असताना 'नाही' म्हणाली. त्यावरून यंत्रानं शिकायचं की कोणत्या कामात किती थकव्याला दुखतं. म्हणजे उद्या कुणी खोटं दुखणं सांगून पैसे उकळू नये. यंत्राचं नाव ठेवलं 'निकष'. बाया त्याला निकशा म्हणायच्या, गावातल्या एखाद्या आगाऊ पोराला म्हणावं तसं. "काय म्हनतो निकशा? खुश हाये ना?"

निकशा खुश होता. आमची टोळी सलग चार वर्षं हिरव्या यादीत होती. हिरव्या यादीतल्या टोळ्याच निर्यातीच्या बागेत घेतात, कारण तिकडच्या गिऱ्हाइकाला घडाबरोबर कागद लागतो की हे तोडताना कुणाला इजा झालेली नाही.

पाचव्या हंगामात, डिसेंबरात, मी पहिल्या ओळीजवळ उभी होते. मथाबाई वहिनीची जोडीण. माझ्या लक्षात आलं की मथाबाई आपल्या बाजूचे घड कापतेय, मग वाकून वहिनीच्या बाजूला येतेय आणि वरचे कापतेय. वहिनी फक्त छातीशी असलेले करत होती, कोपर बरगडीला चिकटवून.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"दोन हंगाम झाले," मथाबाई म्हणाली. "बोंबलू नको."

"वहिनी, हात वर कर."

"तुला काय करायचंय?"

"कर गं."

तिनं केला. कमरेपासून खांद्यापर्यंत आला आणि तिथे अडकला. चेहऱ्यावर काही नाही. फक्त वरच्या ओठावर घाम आला, डिसेंबरच्या थंडीत.

मी तिला ओढतच दिंडोरीला खासगी डॉक्टरकडे नेलं. त्यानं सोनोग्राफी केली आणि पडद्यावर दाखवलं. खांद्याची वाटी उथळ असते. हाडाला जागेवर धरायला चार स्नायूंच्या पट्ट्या असतात. हात सारखा डोक्यावर राहिला की वरची पट्टी दोन हाडांच्या फटीत चिमटत राहते, दोर कप्पीवर घासावा तशी. वहिनीची वर्षानुवर्षं घासून हल्लीच तुटली होती.

"शिवता येते," डॉक्टर म्हणाला. "पण सहा महिन्यांच्या आत. नंतर तुटलेलं टोक मागं ओढलं जातं आणि स्नायूत चरबी भरते. चरबीला टाका बसत नाही."

"आणि नाही शिवली तर?"

"तर हा हात आता दाखवला तेवढाच वर जाईल. कायमचा."

त्यानं खर्चाचा आकडा सांगितला. आम्ही दोघी उठलो.

केंद्राच्या योजनेत हेच ऑपरेशन फुकट होतं. अट एकच, निकषनं दुखणं मान्य केलं पाहिजे. त्या संध्याकाळी मी वहिनीला घरात एकटीला बसवलं, दार लोटलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिला खरं विचारलं.

"खांदा?"

ती चुलीकडे बघत राहिली. "हां," म्हणाली. एवढंच. पण ते म्हणताना लाजली, जणू चोरी पकडली गेली.

मी ते टॅबलेटवर भरून पाठवलं. सात मिनिटांत निकषचं उत्तर आलं. *विसंगत. या कामात, या पातळीच्या थकव्याला वेदना अपेक्षित नाही. अर्जदाराच्या मागील सोळा उत्तरांशी मेळ नाही. तपासणीची शिफारस नाही.*

"काय म्हनतो?" वहिनीनं विचारलं.

"खोटं बोलतेस म्हणतो."

ती हसली. "चार वर्सं खोटं बोलले तव्हा गप ऱ्हायला. आज खरं बोलले तर बोंबलतो."

नाशिकच्या केंद्रात डॉक्टर सोमवंशी भेटल्या. माझ्याच वयाच्या असतील, डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धा राहिलेला डबा. मी दिंडोरीची सोनोग्राफी त्यांच्यापुढे आपटली.

"बाहेरची चालत नाही," त्या म्हणाल्या.

"मग इथली काढा."

"काढते. निकषनं पाठवलं की."

"बाई, फोटोत तुटलेलं दिसतंय. फोटो काढायचा की नाही ते जे ठरवतं, ते फोटो बघतच नाही?"

"नाही बघत." त्यांनी डबा बाजूला सारला आणि पडदा माझ्याकडे वळवला. ठिपक्यांचा ढग होता आणि त्यातून जाणारी एक रेघ. "ही तुमची विरळणी. प्रत्येक ठिपका म्हणजे एका बाईचं एक उत्तर. या रेघेखालच्या जवळजवळ सगळ्या 'नाही' म्हणाल्यात. म्हणून त्याला वाटतं, एवढ्यानं या बायांना दुखत नाही. तो खोटारडा नाहीये हो. त्याला शिकवलं तेवढं शिकला."

"कुणी शिकवलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, ते बरं झालं नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

"आमच्या बावीस जणींनी एवढी रेघ ओढली?"

"तुमच्या बावीस जणींनी कशाला? भात लावणाऱ्या, वीट थापणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या, सगळीकडे असेल ना एखादी पुढली. आणि एखादी तुमच्यासारखी."

मग मार्ग सांगितला. मी लेखी द्यायचं की या टोळीला प्रश्न एकेकीला विचारले गेले नाहीत, उत्तरं उतरवलेली आहेत. मग टोळीची चारही वर्षांची नोंद रद्द. वहिनीची मागची सोळा उत्तरं पुसली जातील, जुनी नोंद नसलेला माणूस निकषकडे जात नाही, सरळ डॉक्टरकडे जातो. आठवड्यात सोनोग्राफी.

"आणि टोळी?"

"नोंद रद्द झालेली टोळी हिरव्या यादीतून जाते. दोन हंगाम निर्यातीची बाग नाही."

"आणि मी?"

"ते विचारताय कशाला?" त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी टोळीला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, माझं उतरवणंसुद्धा. मुकादम काशिनाथदादा बांधावर बसला होता. त्यानं तंबाखूची चिमूट तोंडाऐवजी जमिनीवर टाकली.

"म्हंजे एका खांद्यापायी टोळीचे बाकीचे त्रेचाळीस खांदे उपाशी मारायचे?"

"उपाशी कशाला? टोमॅटो आहे, कांदा आहे."

"कांद्यात दिवसभर वाकून मिळतं किती, ते तुला काय म्हाइत, तू क्रेटवर बसनारी!"

बाया हसल्या नाहीत. मला वाटलं होतं, निदान कुणीतरी हसेल.

"काशिनाथदादा, सहा महिन्यांनी तो हात जातो," मी म्हटलं.

"हात काय तिचा एकटीचाच जातोय?" मागून कुणीतरी म्हणालं. मी वळून पाहिलं तर सगळ्या खाली बघून भाकरी मोडत होत्या.

"वहिनी, तू सांग."

वहिनीनं डाव्या हातानं तोंड पुसलं. "नको. मीच नाही म्हनले ना चार वर्सं? मंग निस्तरीन मी. टोळी ऱ्हाऊ दे."

तेव्हा मी माझ्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. उठले आणि एकेकीसमोर जाऊन उकिडवी बसले. नाव घेऊन विचारलं. तुळजा, तुला काय वाटतं? जिजा, तुझं काय? द्यायचं का लिहून?

"पुढलीवानी."

"पुढलीवानी."

"माझं काय, पुढलीवानीच."

मथाबाईपाशी आले तेव्हा तिनं तोंड फिरवलं. "इचारलं की झालं का तुझं?" ती म्हणाली. "जा आता. पुढलीवानी."

एकवीस. जसंच्या तसं. मी हेच तर चार वर्षं टॅबलेटमध्ये भरत होते. ह्याला मी उत्तर समजत होते, केंद्र समजत होतं, निकशा समजत होता. त्यातलं एकसुद्धा उत्तर नव्हतं. ती वहिनीची राखलेली इज्जत होती आणि वहिनीचं 'नाही' म्हणजे ह्यांची राखलेली भाकर. सगळ्या एकमेकींना वाचवत होत्या आणि त्यात एकेकीचा हात चालला होता. आणि टोळीनं एकमुखानं ठरवलेलं मोडणारी मी कोण? कुणीच नाही. पण नाही मोडलं तर मी तीच, पाव तासात टोळी पुरी करणारी.

तिसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून मी नाशिकला गेले आणि दोन पानं लिहून दिली. कुणाला विचारलं नाही. हे बरोबर केलं असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ज्यांना सांगता येतं त्यांनी येऊन विरळणी करावी.

केंद्रानं टॅबलेट तिथेच काढून घेतला. प्रमाणपत्र परत मागितलं नाही, विसरले असतील. मी सोमवंशी बाईंना विचारलं, आमची उत्तरं काढल्यावर ती रेघ किती हलली?

त्यांनी पाहिलं. "नाही हलली," म्हणाल्या. "केसभरसुद्धा नाही."

आठव्या दिवशी वहिनीची सोनोग्राफी झाली. दिंडोरीच्या डॉक्टरनं दाखवलं होतं तेच दिसलं. ऑपरेशनची तारीख मिळाली. त्याच आठवड्यात टोळीला बागेतून काढलं, बाग अर्धी कापून व्हायची होती. मालक वाईट नव्हता. म्हणाला, मला तुमच्याविषयी काही नाही, पण कागद नसला तर माल बंदरावरून परत येतो.

वहिनी मला म्हणाली, "माझ्या तोंडचा शबुद तू खोडलास." मारलं असतं तर बरं. ती ऑपरेशनला जायलाच तयार नव्हती. टोळी घालवून हात घेणार नाही म्हणाली. दोन दिवस पिशवी भरलेली आणि ती ओट्यावर बसलेली. दादानं सुरतेहून फोन करून शिव्या घातल्या, तिला आणि मला, दोघींना सारख्या. शेवटी मथाबाई आली, दारातच उभी राहिली. "भागे, बाग तर गेलीच," म्हणाली. "आता खांदा तरी घेऊन ये. का तो बी सोडायचा?" मग वहिनी उठली.

पट्टी शिवली गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

आता फेब्रुवारी आहे. वहिनीचा हात गळ्यातल्या झोळीत आहे. दिवसातून तीनदा तिला भिंतीवर बोटं चालवत वर न्यावी लागतात. ती ते माझ्याकडे पाठ करून करते. जेवायला वाढते, पण 'घे' म्हणत नाही. टोळी कांद्याच्या निंदणीला जाते. तिथे हात वर करावे लागत नाहीत, दिवसभर कंबरेत मोडून राहावं लागतं. नागड्या माणसाचा दुसरा भाग. मीही जाते, शेवटच्या वाफ्यात. माझ्या शेजारी कुणी बसत नाही.

काल दिवस मावळायच्या आधी मी ओट्यावर भाजी निवडत होते. मथाबाई आली. वहिनीला भेटायला आली असेल म्हणून मी सरकून वाट दिली. ती आत गेली नाही.

"वही हाये का?" म्हणाली.

"कशाला?"

"हाये का सांग."

मी भाचीची जुनी वही आणली. मथाबाई माझ्यासमोर बसली, मांडी घालून, पदर कमरेला खोचून, भांडायला बसावं तशी.

"तुझ्याशी बोलायला आले नाही मी. बाग तुझ्यामुळं गेली. माझ्या पोरीची फी ऱ्हायली, ती तुझ्यामुळं. ते मी इसरनार नाही. तू लिही फकस्त."

"कुणाला द्यायचंय?"

"कुनाला बी नको देऊ. निकशाला तर मुळीच नको. लिहून ठेव."

मी पेन काढलं.  तिनं उजव्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि सांगू लागली. वरून सुरू होतं, म्हणाली, हाडाच्या टोकापासनं. मग दंडाच्या बाहेरनं खाली उतरतं, कोपराशी थांबतं. सकाळी हात आपला नसतोच, दुसऱ्या हातानं उचलून कुशीतनं काढावा लागतो. पानी भरलेला हंडा चालतो, पन रिकामी वाटी फळीवर ठेवता येत नाही. पावसाळी हवेत वाढतं. केस विंचरायचे सोडले, म्हणून कापून टाकले, लोकांना सांगितलं उवा झाल्या. वहिनीच्या बाजूचे वरचे घड घेतले, तव्हापासून करंगळीत मुंग्या येतात.

आत भिंतीवर चालणारी वहिनीची बोटं थांबली होती.

मी लिहीत होते. ती म्हणेल तसं, तिच्याच शब्दांत. हात वळेना इतक्या दिवसांनी लिहीत होते.

"कव्हापासून आहे हे?" मी विचारलं.

"तू बागेत पहिल्यांदा इचारायला आलीस ना, त्याच्या आदल्या सालापासून."

मी तेही लिहिलं. वही मिटायला लागले तशी तिनं हात आडवा घातला.

"लिहिलंस? मंग आता डावा घे."